आयसीयूनंतरचं दुसरं बिल

आयसीयूचं बिल लाखांत येतं, घराची कंबर मोडतं, पण निदान ते छापील असतं. खोलीभाडं, व्हेंटिलेटर, औषधं, रक्ततपासण्या, डॉक्टरांच्या व्हिजिटा, सगळं ओळीनं मांडलेलं. शंका आली तर काउंटरवर जाऊन विचारता येतं, भांडताही येतं. पेशंट घरी आल्यावर जो खर्च सुरू होतो त्याला असा कागदच नसतो. घरी माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोला फोनवरून पाठवलेले पैसे, भाड्याच्या कॉटचं डिपॉझिट, मेडिकलवाल्याची उधारी, डायपर, रिक्षा. तीन महिन्यांनी कुणी वही घेऊन बेरीज केलीच, तर आकडा लाखाच्या पुढे गेलेला असतो आणि त्यातला बराचसा पैसा विम्यातून परत येणारा नसतो.

हे दुसरं बिल किती येतं, कुठे वाचवता येतं आणि कुठे वाचवायला जाऊ नये, एवढंच इथे सांगायचं आहे. पुढचे दर पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत साधारण ऐकू येणारे आहेत. तालुक्याच्या गावी माणसांचे दर उतरतात, यंत्रांचं भाडं मात्र कधी कधी चढंच असतं, कारण देणारा एकटाच असतो. दोन-तीन ठिकाणी विचारलं की बहुतेक आकडे थोडेफार खाली येतात.

घरी येतो तो माणूस

‘आता धोका टळला, घरी न्या’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा आजार आटोक्यात आलेला असतो. अंगात ताकद मात्र उरलेली नसते. २०१३ साली लंडनमधल्या संशोधकांनी अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला. पहिल्या दहा दिवसांतच तो सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटलेला होता. म्हणून दोन आठवडे व्हेंटिलेटरवर काढलेला धडधाकट माणूस घरी आल्यावर चमचा तोंडापर्यंत नेताना थरथरतो, कॉटवरून पाय खाली सोडून बसवलं की मान टाकतो. घरचे घाबरतात. पण हे पुष्कळदा अपेक्षितच असतं आणि व्यायामानं हळूहळू भरून येतं.

डोक्याचंही तसंच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या अभ्यासात आयसीयूतून वाचलेल्यांची तीन महिन्यांनी चाचणी घेतली, तेव्हा दर दहांतल्या चौघांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती, डोक्याला मध्यम स्वरूपाचा मार लागलेल्या माणसाइतकी खाली आलेली आढळली. वयस्करांनाच हे होतं असं नाही, तरुणांनाही होतं. त्यात झोप उडणं, भिंतीवर माणसं दिसल्याची आठवण, ‘मला तिथे बांधून ठेवलं होतं’ असं पुन्हा पुन्हा सांगणं. डॉक्टरांनी या सगळ्याला मिळून ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असं नाव दिलं आहे, थोडक्यात पिक्स. घरच्यांना होणाऱ्या त्रासालाही त्याच नावाखाली वेगळी जागा आहे.

ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेची २००९ पासूनची मार्गदर्शिका सांगते की आयसीयूतून बाहेर पडल्यावर दोन-तीन महिन्यांनी रुग्णाची शरीर, मन आणि रोजचे व्यवहार अशी सगळ्या बाजूंनी पुन्हा तपासणी व्हावी. आपल्याकडे आयसीयूनंतरची अशी वेगळी ओपीडी क्वचितच सापडते. छातीचे डॉक्टर छाती बघतात, किडनीवाले किडनी. सगळं एकत्र कुणी बघायचं, हे घरालाच ठरवावं लागतं. आपल्या फॅमिली डॉक्टरांना ‘तुम्ही मुख्य’ असं स्पष्ट सांगून त्यांच्याकडे फाइल ठेवणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय. त्यांची फी काय, तीनशे-पाचशे रुपये.

डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस

खर्चाचे बहुतेक घोळ इथे होतात. सगळ्यांचं लक्ष फायनल बिलाकडे असतं, आणि घरी नेमकं काय लागणार हे विचारायचं राहून जातं. मग डिस्चार्जच्या संध्याकाळी सहा वाजता कुणीतरी सांगतं की रात्री ऑक्सिजन लागेल, आणि मिळेल त्या भावात मशीन घ्यावं लागतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. ऑक्सिजन लागणार का, किती लिटर, दिवसभर की फक्त झोपेत? नळ्या कुठल्या राहणार, कधी बदलायच्या, कोण बदलणार? फिजिओथेरपी आठवड्यातून किती वेळा, किती दिवस? हे शेवटचं उत्तर कागदावर लिहून आणि सहीनिशी घ्या, कारण विम्याचे पैसे त्या ओळीवर अवलंबून असतात. आणखी एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: यातली कुठली गोळी कधी बंद करायची? आयसीयूत ॲसिडिटीची, झोपेची, रात्रीची बडबड शांत करणारी औषधं तात्पुरती सुरू होतात. बंद करायला कुणी सांगितलं नाही म्हणून ती वर्षभर चालू राहिल्याची उदाहरणं डॉक्टरच देतात.

नळी असेल तर नर्सचं काम नुसतं बघू नका, सिरिंज आपल्या हातात घ्या. नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच करायची, नळी आपल्या खुणेवर आहे ना ते बघायचं, ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून पातळ खाणं आपल्या वजनानं उतरू द्यायचं, जोर लावायचा नाही, शेवटी पाण्यानं नळी धुवायची आणि अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. दोनदा स्वतः केलं की हात बसतो. हॉस्पिटलमध्ये हे शिकणं फुकट आहे. घरी याच कामासाठी नर्सची व्हिजिट ५०० ते ८०० रुपयांना पडते.

कागदपत्रं: डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, एक्स-रे आणि सीटी स्कॅनची सीडी, तपशीलवार बिल, प्रत्येक पावती. इनडोअर केसपेपरची प्रत लागली तर लेखी अर्ज द्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.

घरी नेण्याचा प्रवासही खर्चात धरा. १०८ ची गाडी तातडीच्या प्रसंगासाठी आहे, घरी सोडण्यासाठी ती सहसा मिळत नाही. खासगी रुग्णवाहिकेचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवून देतं, तेव्हा ‘दरपत्रक दाखवा’ म्हणायला संकोच नको. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढवायचं असेल तर माणसांचे पैसे वेगळे, ते आधीच बोलून घ्या.

पैसे संपले म्हणून ‘डामा’ घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, पेशंट घरी न्यायची वेळ अनेकांवर येते. त्याआधी एकदा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं आलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा अर्ज उपचार चालू असतानाच करायचा असतो. घरी आल्यावर ‘बिल भरलं, आता परत द्या’ असं तिथे चालत नाही.

सामान

यंत्रांच्या दुकानात शिरण्याआधी एक फोन करा. महाराष्ट्रात गावोगाव रुग्णसाहित्य केंद्रं आहेत. रा. स्व. संघ जनकल्याण समितीची केंद्रं आहेत, रोटरी-लायन्सची आहेत, कुठे गणपती मंडळाचं असतं, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाचं. डिपॉझिट ठेवून कॉट, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, कुठे कुठे ऑक्सिजनचं मशीनही नाममात्र भाड्यानं मिळतं. वस्तू परत केली की डिपॉझिट परत. आपल्या भागातलं केंद्र कुठलं, हे जवळच्या जुन्या मेडिकल दुकानदाराला हमखास माहीत असतं. एवढी चांगली सोय असून पहिल्या आठवड्यात निम्मी घरं नवीन कॉट विकत घेतात आणि तीन महिन्यांनी ती गॅलरीत उभी करून ठेवतात.

बाजारात डोक्याकडून वर होणारी हाताची कॉट महिन्याला दोन ते चार हजार भाड्यानं मिळते. हवेची गादी मात्र नवीच घ्या, दोन ते पाच हजारांत येते. तिच्या पंपाचा आवाज बंद झाला की कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, नाहीतर पाठीला जखम होते आणि तिच्या ड्रेसिंगचा खर्च गादीच्या कितीतरी पट. गादी आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं टळत नाही. पल्स ऑक्सिमीटर हजाराच्या आसपास, तो घ्याच.

ऑक्सिजनचा हिशेब नीट करायला हवा. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन विकत ३५ ते ६० हजार, भाड्यानं महिन्याला चार ते सात हजार, शिवाय डिपॉझिट. बहुतेकांना ते दोन-तीन महिनेच लागतं, म्हणून भाडंच बरं. विजेचं कुणी बोलत नाही. हे मशीन साधारण साडेतीनशे वॉट खातं. चोवीस तास चालवलं तर दिवसाला आठ युनिटच्या वर, महिन्याला अडीचशे. तेवढ्यानं घराचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि दोन-तीन हजारांची भर पडते. आणि वीज गेली की मशीन बंद. तेव्हा एक भरलेला सिलिंडर घरात हवा. लहान, बी टाइपच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरनं तो साडेबारा तास पुरतो. मोठा, सात हजार लिटरचा, त्याच वेगानं दोन दिवसांहून थोडा जास्त. आपल्या गावचं भारनियमन बघून ठरवा.

गळ्याला नळी असलेल्या पेशंटला सक्शन मशीन लागतं, विकत सहा ते दहा हजार. त्यासोबत बॅटरी किंवा इन्व्हर्टर धरा, कारण कफ वीज यायची वाट बघत नाही.

‘घरीच आयसीयू’ अशी पॅकेजं आता सगळीकडे मिळतात, दिवसाला पाच ते दहा हजार किंवा वर. माझं मत विचाराल तर, घरच्या व्हेंटिलेटरवर किंवा गळ्याच्या नळीवर दीर्घकाळ राहणाऱ्या पेशंटसाठी, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तरच, याचा विचार करावा. स्वतःच्या श्वासावर असलेल्या, तोंडानं खाणाऱ्या माणसाच्या उशाशी मॉनिटर लावून काही साधत नाही. आकडे बघत बसायची घरच्यांना सवय मात्र लागते. परदेशातल्या मुलांना हीच पॅकेजं जास्त विकली जातात. आई-वडील सांगलीत, मुलगा न्यू जर्सीत; तिथून ॲपवर महिन्याचे पैसे भरले की काहीतरी केल्यासारखं वाटतं. त्याच पैशात चांगली बाई, चांगला फिजिओ आणि आठवड्यातून दोनदा घरी येणारे डॉक्टर मिळतात. त्यांना शोधायला कुणीतरी इथलं लागतं, एवढीच अडचण.

मावशी

दुसऱ्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा माणसाचा असतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच.

ब्यूरोकडे तीन प्रकारची माणसं मिळतात. मावशी किंवा मामा: अंग पुसणं, कपडे-डायपर बदलणं, भरवणं, उठवणं-बसवणं. बारा तासांचे साधारण ७०० ते १,००० रुपये. प्रशिक्षित सहायक: त्यातल्या बऱ्याच जणांनी सहा महिन्यांचा वगैरे कोर्स केलेला असतो, नळीतून भरवणं, शुगर-बीपी बघणं जमतं, दर शे-दोनशेनं जास्त. आणि नोंदणीकृत नर्स: इंजेक्शन, सक्शन, ड्रेसिंग. बारा तासांचे १,२०० ते २,००० किंवा पुढे. मावशीला पांढरा कोट घालून ‘सिस्टर’ म्हणून पाठवायची चाल जुनी आहे. नर्स मागितली असेल तर नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. ज्याच्याकडे तो असतो त्याला विचारल्याचा राग येत नाही.

आपल्याला काय लागतं ते आधी ठरवा. दिवसभर नर्स ठेवून ती मोबाइल बघत बसली आहे आणि महिना पन्नास हजार चालले आहेत, हे दृश्य दुर्मीळ नाही. पुष्कळ घरांना दिवसा मावशी आणि ड्रेसिंगपुरती नर्सची व्हिजिट एवढं पुरतं. पेशंट वजनदार असेल तर मामाच घ्या. ऐंशी किलोच्या माणसाला साठीची बायको आणि मावशी मिळून उचलायला गेल्या तर घरात दुसरा पेशंट होतो.

ब्यूरोशी बोलताना नोंदणी फी किती, ती परत मिळते का, माणूस पटला नाही तर किती दिवसांत बदलून देणार, सुट्टीला बदली कोण, हे विचारा. मावशीच्या हातात किती पडतात, तेही विचारा. दिवसाच्या ८०० मधले ब्यूरो किती ठेवतो यावर ती टिकणार की आठवड्यात जाणार हे ठरतं. चोवीस तासांची बाई स्वस्त पडते असं वाटतं, पण तीही झोपणारच. रात्री दोनदा कूस बदलायची असेल तर ते काम घरच्यांनी वाटून घ्यावं. जेवण-चहाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट असावं, आणि तिचं ताट वेगळं काढून ठेवणाऱ्या घरात बाई टिकत नाही, हे ब्यूरोवाले खासगीत सांगतात. आधार कार्डाची प्रत घ्या, पोलिसांकडे माहिती द्या, दागिने कपाटात ठेवा. यात अपमान कुणाचाच नाही.

कॉटजवळ एक वही लटकवा. वेळ, किती भरवलं, लघवी किती, ताप, ऑक्सिजनचा आकडा, कोणती कूस. रात्रपाळीच्या माणसानं सकाळी सांगायचं विसरलं तरी वही सांगते, आणि डॉक्टरांना फोन करताना ‘बरं नाही वाटत’ऐवजी आकडे देता येतात. याच वहीत मागच्या पानापासून दुसरी नोंद सुरू करता येईल: आयसीयूत असताना काय काय झालं ती. कुठल्या तारखेला नळी घातली, कधी काढली, कोण भेटायला आलं. स्कँडिनेव्हियातल्या नर्सेसनी ही पद्धत सुरू केली. पेशंटच्या डोक्यात त्या दिवसांचं जे भयंकर आणि तुटक चित्र असतं, त्याला यामुळे खरी तारीख आणि खरा माणूस मिळतो. खर्च वीस रुपये.

फिजिओ आणि खाणं

कुठेतरी हात आखडायचाच असेल तर तो इथे नको. फिजिओथेरपिस्टची घरची व्हिजिट ५०० ते १,००० रुपयांना पडते. पहिला महिना रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असा साधारण क्रम. पैसे वाचवायचे तर वेगळ्या रीतीनं वाचवा. पहिल्या आठवड्यात फिजिओ आले की घरच्या एकानं शेजारी उभं राहून शिकायचं, मोबाइलवर चित्रण करायचं, आणि दिवसातला दुसरा व्यायाम आपण घ्यायचा. पेशंट रिक्षात बसू लागला की फिजिओथेरपी कॉलेजांच्या आणि सरकारी-महापालिका हॉस्पिटलांच्या ओपीडीत जा, तिथले दर फारच कमी असतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. लकवा किंवा मेंदूच्या दुखापतीच्या पेशंटसाठी ती मुद्दाम लक्षात ठेवा.

प्रोटीन पावडरचा डबा हा भेटायला येणाऱ्यांचा आवडता सल्ला. स्नायू भरून यायला प्रथिनं लागतात हे खरं. किडनी ठीक असेल तर डॉक्टर वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ग्रॅमपासून पुढे सांगतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सत्तर ग्रॅमच्या वर. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. अंडी, दूध, दही, पनीर, घट्ट वरण, मुगाचं धिरडं यांतून बराचसा पल्ला गाठता येतो, उरलेल्यासाठी पावडर. पण घोट गिळताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी. व्हेंटिलेटरची नळी घशात राहिलेल्यांना हा त्रास होतो, आणि पातळ पेज फुप्फुसात गेली तर पुन्हा न्यूमोनिया, पुन्हा आयसीयू.

एक नमुना हिशेब

समजा, पुण्यातले बासष्ट वर्षांचे गृहस्थ. न्यूमोनिया आणि सेप्सिसमुळे अठरा दिवस आयसीयूत. घरी आले तेव्हा तोंडानं खातात, दोघांच्या आधारानं उभे राहतात, रात्री झोपेत ऑक्सिजन.

पहिला महिना: दिवसाची मावशी ८०० रुपयांनी २४,०००. फिजिओ ७०० रुपयांनी २६ वेळा, १८,२००. कॉटचं भाडं ३,०००, हवेची गादी ३,५००, कमोड खुर्ची २,५००, कॉन्सन्ट्रेटरचं भाडं ५,०००, त्याची रात्रीची वीज १,२००. डायपर दिवसाला तीन, ४० रुपयांनी, ३,६००. हातमोजे, पुसायचं सामान १,५००. औषधं ६,०००. तपासण्या, डॉक्टर आणि ये-जा ५,०००. एकूण ७३,५००.

दुसऱ्या महिन्यात ऑक्सिजन आणि डायपर सुटले, फिजिओ दिवसाआड झाला. मावशी २४,०००, फिजिओ ९,१००, कॉट ३,०००, औषधं ४,०००, तपासण्या ३,०००: ४३,१००. तिसऱ्या महिन्यात मावशी नाही, फिजिओ आठ वेळा, थोडी औषधं, एक फेरतपासणी: १०,६०० च्या आसपास. तीन महिने मिळून सव्वा लाखाच्या थोडं वर. मावशीऐवजी पूर्णवेळ नर्स ठेवली असती तर दोन महिन्यांतच हा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला असता.

परत काय मिळतं

बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च असतो, काहींत ९० किंवा जास्त. सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागणारी आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी ६० दिवसच देते, आणि तो काळ संपल्यापासून १५ दिवसांत कागद द्यायचे असतात. हा खर्च कॅशलेस होत नाही, आधी भरायचा, मग मागायचा. हॉस्पिटलचा क्लेम कॅशलेसनं मिटला की घरचे फाइल बंद करतात आणि हा दुसरा क्लेम करतच नाहीत. इथेच लोकांचा सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

मिळतं काय: त्याच आजाराची औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी, आणि लेखी सल्ला असेल तर पुष्कळदा फिजिओथेरपी. न मिळणाऱ्या वस्तूंची विमा नियामकाची ६८ बाबींची यादी आहे. डायपर, परिचारकाचा खर्च, खासगी नर्स, चालायचे आधार, हॉस्पिटलबाहेर वापरलेला ऑक्सिजन सिलिंडर त्यात आहेत. हे वगळणारं कलम तुमच्या पॉलिसीत आहे का ते बघा. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून यातलं थोडंफार घेता येतं. वरच्या हिशेबातले चाळीस हजारांच्या आसपास रुपये परत येऊ शकतात, पण फिजिओच्या पावतीवर तारखा, नोंदणी क्रमांक आणि सही हवी. ‘१८,२०० मिळाले’ एवढ्या चिठ्ठीवर काही मिळत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. घरची मावशी आणि कॉट त्यात नाहीत. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात. हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्र बसतो, घरी निघण्याआधी त्याच्याकडून ती घ्या. महात्मा फुले योजनेचा फोन १५५३८८. गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं.

ईएसआयसीचा कामगार असेल तर आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. अपघाताची केस असेल तर मावशीच्या पगाराची पावतीही जपा. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं परिचारकांचा पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च भरपाईत धरला आहे. आणि जुनी करप्रणाली घेतलेल्या, मेडिक्लेम नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचारावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, मात्र पैसे रोखीनं दिलेले नसावेत.

सही आणि झोप

आयसीयूतून आलेल्या माणसाची सही जुळत नाही. बोटांत ताकद नसते, चेक परत येतो आणि घराचे पैसे त्याच्याच खात्यात अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. बँकेत जाऊन मॅनेजरला हे सांगितलं की माणूस घरी पाठवतात. पेशंट शुद्धीवरच नसेल तर मुखत्यारपत्र होत नाही, उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यात वकिलाचा खर्च आला. संयुक्त खातं आधीच असलेल्या घराला हा व्याप पडत नाही.

सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वहीत येत नाही. बुडालेला पगार, रजा, रात्रीची जागरणं. पेशंट सुधारतो आहे आणि त्याची बायको मात्र तीन आठवडे धड झोपलेली नाही, मशीनचा आवाज नसतानाही दचकून उठते, असं असेल तर तिच्यासाठीही डॉक्टर बघा. टेलिमानस, १४४१६, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आठवड्यातले दोन दिवस रात्रीची मावशी ठेवणं हा महिन्याला सहा-आठ हजारांचा खर्च चैनीचा नाही.

पहिले तीस दिवस पुन्हा ॲडमिट व्हायची शक्यता असते, तेव्हा थोडी रक्कम हाताशी वेगळी असू द्या. ताप, धाप, ग्लानी, लघवी कमी होणं, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली ऑक्सिजन गेला, यांतलं काहीही दिसलं की थांबायचं नाही, १०८.

आणि सामान वेळेवर परत करा. ऑक्सिजन बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी मशीनवाल्याला फोन करा, कारण भाडं बहुधा महिन्याच्या तारखेला आपोआप पुढे चालू राहतं. मशीन नेताना त्यानं वहीवर ‘चालू स्थितीत मिळालं’ असं लिहून सही करावी आणि डिपॉझिट त्याच वेळी द्यावं. ‘ऑफिसमधून पाठवतो’ म्हणाला तर मशीन घरातच राहू द्या.